दुखणे एक, केसपेपर दोन

मराठीत ‘दुखणे’ हा शब्द एकाच अर्थाने राहत नाही. गुडघा दुखतो तेव्हा तो अवयवाचा असतो. ‘त्या दुखण्यातून ती उठलीच नाही’ असे म्हणताना तो आजाराचा असतो. आणि कुणाच्या बोलण्याने कुणी दुखावते तेव्हा तो मनाचा होतो. हे तिन्ही अर्थ बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकाच वेळी ठाऊक असतात, आणि त्यावरून घरात किंवा पारावर गैरसमज झाल्याचे ऐकिवात नाही. गैरसमज सुरू होतो तो प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या केसपेपरच्या खिडकीपाशी. ‘काय होतंय?’ या प्रश्नाच्या उत्तराला तिथे एका ओळीची जागा असते. त्या ओळीत ‘गुडघे दुखतात’ एवढेच मावेल, हे साठीची बाई ओळखून असते. झोप उडाली आहे, जेवणावर वासना नाही, नातवंडाचेही कौतुक वाटेनासे झाले आहे, हे सगळे ओळीबाहेर राहते. गोळ्यांची पुडी घेऊन ती घरी जाते. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच ओळ आणि तीच पुडी.

प्रस्तुत लेखात आम्हाला एकच गोष्ट मांडायची आहे. सांध्यांचे जुनाट दुखणे आणि मनाचा आजार ज्या माणसात एकत्र नांदतात, त्याच्यावरचे उपचार एकाच ठिकाणी, एकाच केसपेपरवर आणि शक्यतो एकाच माणसाच्या देखरेखीखाली झाले पाहिजेत. आणि ते ठिकाण जिल्हा रुग्णालय नव्हे, गावाजवळचे आरोग्य केंद्र असले पाहिजे. हे करता येते आणि केल्याने गुण येतो, याचा पुरावा वीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. घोडे अडले आहे ते व्यवस्थेच्या सवयींपाशी, आणि काही अंशी आपल्या बोलण्याच्या सवयींपाशी. आम्ही भाषा शिकवणारी माणसे. तेव्हा सुरुवात बोलण्यापासूनच करतो.

‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत सर्वाधिक वेळा दिले जाणारे औषध असावे. त्यातल्या क्रियापदाकडे लक्ष द्या. ताप ‘येतो’, सांधे ‘धरतात’, कंबर ‘भरते’. टेन्शन मात्र ‘घेतले’ जाते, म्हणजे रुग्ण ते उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवतो. ‘मनाला लावून घेणे’ या प्रयोगातही कर्तेपण रुग्णाकडेच. ज्याने घेतले त्याने ते खाली ठेवावे, असा या व्याकरणाचा निवाडा असतो. अर्थात मग वैद्याने करण्यासारखे काही उरत नाही. गुडघ्याला कुणी ‘झिजू नकोस’ असा उपदेश करत नाही. मनाला तो केला जातो, आणि त्यालाच समुपदेशन समजले जाते.

दुसरा शब्द ‘सोशिक’. तो आपण गौरवाने वापरतो, विशेषतः आई, आजी, मावशी यांच्याविषयी. आपल्या ललित गद्याने तर या सोशिकपणाचे देव्हारे माजवले आहेत: वाकलेली पाठ, सुजलेली बोटे आणि तरीही तोंडातून ब्र नाही. लेखकाला त्यातून व्यक्तिचित्र मिळते. त्या बाईला काय मिळते? आजार विनाउपचार रेटण्याला आपण ‘अंगावर काढणे’ म्हणतो. सोशिकपणाची स्तुती ही अंगावर काढण्याची सामाजिक परवानगी आहे. जी सोसत नाही, तिच्यासाठी ‘नाटके’, ‘थेरे’, ‘कामचुकार’ हे शब्द तयार असतातच. या दोन टोकांच्या मधे ‘मला बरे वाटत नाही, माझ्यावर उपचार करा’ असे साधे वाक्य बोलण्याची जागाच आपण ठेवलेली नाही.

तिसरी गोष्ट सुशिक्षितांची, आणि म्हणून अधिक घातक. अशिक्षित माणसाकडे मनाचे दुःख सांगायला शब्द नसतात, म्हणून तो ते शरीरातून सांगतो, असा एक सिद्धांत आपल्याकडे मोठ्या विश्वासाने मांडला जातो. जिला शब्द नाहीत असे म्हटले जाते ती बाई काय बोलते, हे ऐकले असते तर हा सिद्धांत टिकला नसता. जीव घाबरा होतो, जीव लागत नाही, जीव नकोसा झाला, मन थाऱ्यावर नाही, आतून पोखरल्यासारखे वाटते, हातपाय गळून जातात, उभारी राहिली नाही: ही शब्दसंपत्ती कोणत्याही पाठ्यपुस्तकाला लाजवील. ‘जीव’ हा शब्दच असा, की तो शरीराचा की मनाचा हे सांगता येऊ नये. शब्द आहेत, ते घेणारी खिडकी नाही. गुडघ्याच्या तक्रारीला केसपेपर मिळतो, मनाच्या तक्रारीला उपदेश. मग रुग्ण गुडघा पुढे करतो. आर्थर क्लाइनमन यांनी चीनमधल्या हुनान प्रांतात केलेला अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. अशक्तपणा, डोकेदुखी, निद्रानाश अशा तक्रारींसाठी ‘मज्जादौर्बल्य’ असे निदान झालेल्या १०० रुग्णांपैकी ८७ जणांत त्यांना नैराश्य आढळले होते. समाज ज्या दुःखाला मान्यता देतो त्या दुःखाच्या भाषेत माणूस बोलतो, हा त्यातून घ्यायचा बोध आहे. ‘यांचे दुखणे खोटे’ हा नव्हे.

कारण गुडघा खरोखरच झिजलेला असतो. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघरी जाऊन सांध्यांच्या व स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी केली. प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना असे दुखणे होते. पाचांत जवळजवळ एक! रोवणी, खुरपणी, ऊसतोड, डोक्यावरचे पाणी, उकिडवे बसून केलेली चूल आणि धुणे: ही झीज कष्टांनी कमावलेली असते. २००६ च्या चिकनगुनियाच्या साथीने तर अख्ख्या गावांना सांधेदुखी दिली. कित्येकांची ती महिनोन्‌महिने हटली नाही.

आता या सांध्यांपासून मनापर्यंतचा रस्ता पाहू. दुखण्याने झोप मोडते. झोप मोडली की वेदना सहन करण्याची शक्ती घटते. दुखते म्हणून चालणे कमी होते. चालणे कमी झाले की मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि भार पुन्हा गुडघ्यावरच येतो. चालणे कमी म्हणजे देऊळ, बाजार, शेजार आणि भजन कमी, म्हणजे एकटेपणा. एकटेपणातून नैराश्य येते, आणि नैराश्यात व्यायाम करायला उठणार कोण? शिवाय मेंदूकडून पाठीच्या कण्यात उतरणाऱ्या ज्या मज्जामार्गांनी वेदना आवरली जाते, त्यांत सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही रसायने काम करतात. मनःस्थितीशीही त्यांचाच संबंध आहे. आमवातात तर सूज आणणारी द्रव्ये रक्तातून सर्वत्र फिरत असतात. आमवाताच्या रुग्णांवरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झाले. तीव्र स्वरूपाचे नैराश्य त्यात सुमारे १७ टक्के रुग्णांत दिसले. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेल्या आणि २०२० साली सुधारलेल्या व्याख्येत वेदना ही संवेदना आहे तशीच भावनाही आहे. आपल्या ‘दुखणे’ या शब्दाला जे आधीपासून माहीत होते, ते व्याख्येत आले इतकेच.

तरीही केसपेपर दोन का? आणि दोन असल्याने बिघडते काय? हा प्रश्न केवळ तत्त्वाचा नाही, जिवाचा आहे. एका दवाखान्यात गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्रुफेन लिहून दिले जाते. तालुक्याच्या दुसऱ्या दवाखान्यात नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन किंवा त्याच गटातले औषध मिळते. दोन्ही आपापल्या जागी योग्य असतील. पण एकत्र घेतली तर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. वेदना वाढली म्हणून कुणी ट्रॅमॅडॉल दिले, तर त्याच गटाशी त्याचा दुसरा धोकादायक संयोग होतो. झोपेसाठी अल्प्राझोलाम चालू असेल, तर रात्री मोरीकडे जाताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. प्रत्येक डॉक्टरने आपला केसपेपर नीट भरलेला असतो. चूक दोन कागदांच्या मधल्या रिकाम्या जागेत होते, आणि तिथे कुणाचीच सही नसते.

एकत्र उपचारांचे काय होते, हे आता पाहू. अमेरिकेत १९९९ ते २००१ या काळात १८ प्राथमिक दवाखान्यांत ६० वर्षांवरील १८०१ नैराश्यग्रस्तांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांतल्या १००१ जणांना सांध्यांचा विकार होता. दवाखान्यातच एक परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञ नेमलेला, तो रुग्णाची नियमित चौकशी करणार, औषध लागू पडते का ते पाहणार, अडचणी एकेक करून सोडवायला शिकवणार, डॉक्टर नेहमीचेच, मानसोपचारतज्ज्ञ सल्ल्यापुरते. सांध्यांसाठी या योजनेत वेगळे काहीही नव्हते. २००३ साली निष्कर्ष आले: वर्षभराने मन सुधारले होतेच, पण वेदनाही कमी झाली होती आणि वेदनेमुळे अडणारी कामे कमी अडत होती. वेदनेतला फरक दहाच्या मापावर सुमारे अर्ध्या अंकाचा, म्हणजे लहानच होता, हेही सांगितले पाहिजे. केवळ मनावर इलाज करून सांधा पुरता निवत नाही. म्हणूनच पुढचा प्रयोग महत्त्वाचा. २००९ साली इंडियानापोलिसच्या दवाखान्यांतील २५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबर, खुबा किंवा गुडघा दुखणारे आणि नैराश्यही असलेले हे रुग्ण. परिचारिकेच्या देखरेखीखाली आधी नैराश्याचे औषध नीट बसवले, मग वेदना सांभाळण्याचे सहा धडे दिले. वर्षअखेरीस नैराश्य निम्म्यावर आलेले रुग्ण या गटात सुमारे ३७ टक्के होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १७ टक्के. वेदना लक्षणीय घटलेले सुमारे ४२ टक्के, तिकडे पुन्हा १७.

‘हे अमेरिकेत ठीक आहे’ असे कुणी म्हणण्याआधी गोव्याकडे वळू. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेने गोव्यातल्या २४ दवाखान्यांत, निम्मी सरकारी आरोग्य केंद्रे आणि निम्मे खाजगी डॉक्टर, २७९६ रुग्णांवर असाच प्रयोग केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. इथे समुपदेशक वैद्यकीय शिक्षण नसलेले होते, प्रशिक्षण देऊन तयार केलेले. सरकारी केंद्रांत नैराश्य वा चिंताविकार निश्चित झालेल्यांपैकी सहा महिन्यांत बरे झालेले सुमारे ६६ टक्के होते. जिथे समुपदेशक नव्हते तिथे ४२ टक्के. खाजगी डॉक्टरांकडे असा फरक पडला नाही. म्हणजे लाभ जिथे सर्वाधिक झाला ती जागा गरिबांची, सरकारी आणि गर्दीची होती. परवडत नाही असे ज्या जागेविषयी सांगितले जाते, नेमकी तीच.

असो. आपल्याकडे योजना नाहीत असे मात्र कुणी समजू नये. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा, वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० चा. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली आणि २०२३ मध्ये त्यांचे नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झाले. त्यांच्या बारा सेवांत वृद्धांची सेवाही आहे आणि मानसिक आरोग्यही. आशाताई घरोघरी जी तपासणी-पत्रिका भरतात तिच्यात मनाविषयी दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, आणि उदास वा निराश वाटले का. म्हणजे प्रश्न छापलेला आहे, विचारणारी बाई दारात उभी आहे, आणि जिला विचारायचे ती गुडघा धरून ओट्यावर बसलेली आहे. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, मनोविकार असूनही उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण विकारागणिक ७० ते ९२ टक्के निघाले. कारण उघड आहे. प्रत्येक कार्यक्रमाची नोंदवही वेगळी, उद्दिष्ट वेगळे, आढावा बैठक वेगळी. माणूस एक, पण तो नोंदवह्यांमध्ये तुकड्यातुकड्यांनी राहतो, आणि त्याचे तुकडे एकमेकांना ओळखत नाहीत.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. सपाटीवरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे ३० हजार लोकसंख्येचा निकष आहे; सकाळच्या रांगेत एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात; त्यात मनाची चौकशी कधी करायची? उत्तर असे, की ती डॉक्टरांनी एकट्याने करायची नाही. वर सांगितलेल्या तिन्ही प्रयोगांत सातत्याचे काम परिचारिकेने, मानसशास्त्रज्ञाने किंवा समुपदेशकाने केले. आपल्या उपकेंद्रात आज समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. शिवाय वेळ वाचतो कुठे, हेही पाहा. दर पंधरा दिवसांनी तीच पुडी न्यायला येणारी बाई वर्षाला डॉक्टरांची जितकी मिनिटे घेते, त्यांतली निम्मी सुरुवातीलाच दिली असती तर?

दुसरा आक्षेप आमच्याच वर्तुळातला. दारिद्र्य, कर्ज, नवऱ्याचे व्यसन, पोराची बेकारी यांनी आलेल्या दुःखाला ‘नैराश्य’ म्हणून गोळी देणे हे सामाजिक प्रश्नाचे वैद्यकीकरण आहे, असे चर्चासत्रांत म्हटले जाते. यात तथ्य आहे, आणि ज्यांना गोळीखेरीज काही देता येत नाही त्यांना तो इशारा लागूही पडतो. परंतु हा आक्षेप घेणाऱ्यांचे स्वतःचे गुडघे दुखतात तेव्हा ते समाजपरिवर्तनाची वाट पाहत नाहीत. या बाईनेच तेवढी का पाहावी? आणि समस्या सोडवायला शिकवणारे समुपदेशन म्हणजे काय, तर आज कोणती अडचण हातात घ्यायची, संडासात बसता-उठताना आधाराला दांडा बसवता येईल का, पेन्शनचा अर्ज कुणी भरून देईल, बचतगटाच्या बैठकीला पुन्हा जाता येईल का, याची शांतपणे केलेली मांडणी. ती क्रांती नाही. पण क्रांती येईपर्यंत बाईला चालता आले पाहिजे.

तिसरी बाब आक्षेपाची नाही, धोक्याची आहे. एकत्र उपचार याचा अर्थ ‘सगळे मनातच आहे’ असा लावला गेला, तर होते त्यापेक्षा वाईट होईल. तिशी-चाळिशीतली बाई सकाळी बोटे आखडतात म्हणते, तासभर कणीक मळता येत नाही म्हणते, दोन्ही हातांचे बारीक सांधे सुजलेले दाखवते. तिला ‘टेन्शन’ म्हणून परत पाठवणे हा अपराध आहे. तो आमवात असू शकतो. मेथोट्रेक्झेटसारखे औषध, जे आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, ते वेळेवर सुरू झाले तर बोटे वाकडी होण्याचे टळू शकते. मनाची चौकशी करणाऱ्याने आधी हात पाहिले पाहिजेत. आणि हात पाहणाऱ्याने मनाची चौकशी केली पाहिजे. दोन्ही वाक्ये एकाच माणसाला उद्देशून आहेत.

तेव्हा मागणे काय, ते स्पष्ट सांगतो. तीन महिन्यांहून अधिक काळ सांधे दुखणाऱ्या प्रत्येकाला केसपेपरवरच ते दोन प्रश्न विचारले जावेत. जुनाट शारीरिक आजाराच्या रुग्णांसाठी ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ सालीच अशा दोन प्रश्नांची शिफारस केली आहे. त्याच केसपेपरवर सर्व औषधे, खाजगी दवाखान्यातली आणि पुडीतलीसुद्धा, लिहिली जावीत. झिजलेल्या गुडघ्यासाठी व्यायाम हा उपचारांचा गाभा आहे, असे त्याच संस्थेची २०२२ सालची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम उपकेंद्रात गटाने शिकवले जावेत, म्हणजे पाय चालतील आणि चार बायका एकत्र बसतील. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी समुपदेशन आणि लागेल तेव्हा नैराश्याचे औषध मिळावे, आणि दोन आठवड्यांनी चौकशी व्हावी. ‘जीव नकोसा झाला’ हे वाक्य बोलण्याची तऱ्हा म्हणून सोडून देऊ नये. ‘जिवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार कुणाच्या मनात पेरला जात नाही. तशी वेळ आली, तर ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेला टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक उपकेंद्राच्या भिंतीवर दिसेल असा असावा. यात नवे बांधकाम नाही, परदेशी यंत्र नाही. दोन नोंदवह्या एक कराव्या लागतील, आणि आढावा बैठकीत ‘किती तपासले’ याबरोबर ‘किती जणांना बरे वाटले’ हाही प्रश्न विचारावा लागेल.

आणि आपल्याकडे, म्हणजे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांकडे, एक छोटे काम उरते. घरातल्या म्हातारीचे वर्णन करताना ‘सोशिक’ हा शब्द लेखणीशी आला, की थांबावे आणि तिने काय सोसले, किती वर्षे, आणि कुणाच्या सोयीसाठी, हे लिहावे. तिच्या दुखण्याला शब्दांची कमतरता कधीच नव्हती. एका ओळीहून थोडी अधिक जागा तिला हवी होती. ती केसपेपरवर मिळाली पाहिजे आणि आपल्या लेखनातही.